अनुभव सांगा: लहानग्यांच्या त्वचेला झाडपाल्याचं काय सोसलं, काय नाही?

मुलगी दीड वर्षाची. थंडीत गाल फुटतात, कोपराच्या खोबणीत लाल होतं. घरात दोन पक्ष: सासूबाईंचं मसूरडाळ-साय-हळद आणि नवऱ्याने मागवलेली 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' लोशनची बाटली. तुमच्याकडे प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. ऐकीव नको.

रानजाई
कुंडीतली कोरफडीची पात तोडली आणि तशीच गालावर घासली. पंधरा मिनिटांत पोर गाल ओरबाडायला लागलं. कापल्यावर जो पिवळा चीक ओघळतो तो आधी निथळू द्यायचा असतो, हे नंतर कळलं. आता पात वाटीत उभी ठेवते, पिवळं गळून गेलं की साल काढून आतला गर धुते. तोही आधी मनगटाला लावून एक दिवस वाट बघायची.

विदर्भातला बाबा
बिब्बा! पोट दुखतं म्हणून आजीने बेंबीशेजारी ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी टरारून फोड. डाग दोन वर्षं गेला नाही. परीट कपड्यांवर खुणा करायचे ते हेच तेल. आंबा-काजूच्याच कुळातला हा. आंब्याच्या चिकाने ओठ उततात ना, तोच प्रकार, पण कितीतरी जहाल.

दोघांची आई
सर्दीला कोमट खोबरेलात कापूर विरघळवून छातीला चोळायचे मी. एकदा वाटी खाली राहिली, धाकट्याने बोट बुडवून चाटलं. थोडक्यात निभावलं. डॉक्टर मात्र चिडले: कापूर पोटात गेला तर आकडी येऊ शकते, कातडीतूनही तो शोषला जातो, दोन वर्षांखाली लावायचाच नाही. निलगिरीचं तेलही नाकाशी न्यायचं नाही म्हणाले.

अलिबागकर
नुसतं खोबरेल. दोन्ही मुलांना, आंघोळीनंतर अंग ओलसर असताना. काही झालं नाही. असे अनुभव कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिला.

सातासमुद्रापार
आमच्या 'नैसर्गिक' क्रीममध्ये लव्हेंडर आणि संत्र्याच्या सालीचं तेल होतं. मानेवर पुरळ. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सुगंधी सगळंच बंद करायला लावलं. वास मला हवा होता, पोराला कुठे?

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कोपराचं लाल म्हणजे एक्झिमा निघाला, त्याला डॉक्टरांचं मलम, जोडीला बिनवासाचं मॉइश्चरायझर. मसूरडाळ आता सासूबाई स्वतःच्या तोंडाला लावतात. बाटली मी टाचांना संपवतेय.