आधी वेग ठरवा, मग चाल

दादासाहेब फाळक्यांचा मूकपट 'कालिया मर्दन' (१९१९) सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहात दाखवायचा आणि समोर बसून संगीत वाजवायचं, ही या चर्चेत वर मांडलेली कल्पना मला मनापासून आवडली. मूकपटाच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबलेवाले बसतच, त्यामुळे हे आपल्याला परकं नाही.

पण चाली बांधायच्या आधी चित्रपटाचा वेग पक्का करा. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे. सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेमनी) घेतलेलं चित्रण २४ ने चालवलं, तर तासाचा ऐवज ४० मिनिटांत संपतो. एका प्रतीवर तालीम आणि दुसरीच प्रत पडद्यावर, असं झालं की सगळी लय कोसळते. दाखवायची फाईल आधी हातात घ्या, तालीम तिच्यावरच करा.

वर कुणीतरी सलग भजनं लावायला सुचवलंय, ते मात्र नको. सुरुवातीला कृष्ण झालेली मंदाकिनी फाळके, दादासाहेबांची लेक, नुसत्या चेहऱ्याने भाव दाखवते. तिथे एकटी बासरी, तीही थांबत थांबत. भाव बदलला की सूर बदलायचा, आधी नाही. हलगी कालियाशी झुंज होईपर्यंत राखून ठेवा. आपल्या सोलापुरात हलगीचा मोह आवरत नाही, पण बंद सभागृहात ती बाकी सगळं गिळते. आणि नदीकाठावरची घाबरलेली माणसं दिसली की हलगी तोडा, पेटीचा एकच सूर धरून ठेवा.

मधल्या मजकुराच्या पाट्या वादकांना खुणेसाठी उत्तम. वादकांचे दिवे तेवढे खाली वळवा, पडद्यावर उजेड येता कामा नये. तालमीला पेटीवाला कमी पडत असेल तर मी येतो.