चेन ताईचीचा ‘अस्सल’ फॉर्म: एका प्रतिसादाला सविस्तर उत्तर

रानवाटा (धागाकर्ता)
परवा इथे एकाने ठोकून दिलं की चेन घराण्याच्या ताईची या चिनी युद्धकलेत लाओजिया (‘जुनी चौकट’) हा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, तेवढा अस्सल, शिनजिया (‘नवी चौकट’) ही मागाहूनची भर आणि हुनयुआन (फंग झिचियांग यांची शाखा) म्हणजे निव्वळ दुकानदारी. दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

चेन घराण्यातले गुरू चेन फाके १९२८ मध्ये चेनजियागौ हे आपलं गाव सोडून बीजिंगला गेले आणि १९५७ मध्ये वारले. इतकी वर्षं शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी जसा हात फिरवायचा तसाच शेवटपर्यंत फिरवेल? हाँग जुनशेंग १९३० मध्ये त्यांच्याकडे आले, १९४४ मध्ये जिनानला गेले आणि १९५६ मध्ये पुन्हा बीजिंग गाठून गुरूंकडून शिकले. फंग झिचियांग आले ते हू याओझेन यांच्याकडचं शिंगयी (दुसरी एक युद्धकला) आणि चिगोंग (श्वासाचे व्यायाम) अंगात मुरवून. तिसरा शिष्य म्हणजे पोटचा मुलगा, चेन झाओकुई. गुरू एकच, आज तिघांच्या शिष्यांचे फॉर्म शेजारी ठेवा, नवखा म्हणेल तीन वेगळ्या कला.

गावातही तेच. १९५८ मध्ये परतलेल्या चेन झाओपींनी पोरांना लाओजिया दिला. १९७२ मध्ये ते गेल्यावर झाओकुई आले, वडिलांकडचा फॉर्म घेऊन. गावाला तो निराळा दिसला, म्हणून तो शिनजिया. यात भेसळ कुठे आहे?

मूळपुरुष
तो प्रतिसाद माझाच. फरक पडतो हे मला ठाऊक आहे. पण पडलेला प्रत्येक फरक म्हणजे वाढ, हे कुठून आणलंत? यांग शैलीचे मूळ गुरू यांग लुचान चेनजियागौतून शिकून बीजिंगला मांचू सरदारांना शिकवू लागले. नातू चेंगफूंपर्यंत फॉर्ममधल्या उड्या गेल्या, झपाटा गेला. १९५६ मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने २४ प्रकारांचा फॉर्म बसवला, काही मिनिटांत संपणारा. याला गळती म्हणतात.

रानवाटा
चेंगफूंचे सख्खे थोरले भाऊ शाओहोउ त्याच घरात वाढले. त्यांचा फॉर्म आटोपशीर, वेगवान. हात इतका कडक की विद्यार्थी टिकत नसत म्हणतात. झपाटा घरातच होता. चेंगफूंनी जास्त लोकांना शिकवलं, म्हणून जगाला त्यांचा फॉर्म माहीत.

गुडघेदुखी_पुणे
वंशावळी बाजूला ठेवा, गुडघ्यांचं कोण बोलणार? एका वीकेंड क्लासला जात होतो. सर म्हणायचे, मांडी जमिनीला समांतर आलीच पाहिजे, अस्सल चेन असंच असतं. वय माझं पन्नाशीपार. आता मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चा) फाटलाय आणि जिना उतरताना कठडा धरतो. ‘अस्सल’ हा शब्द ऐकला की डोकं फिरतं.

फिजिओताई
दादा, वाईट वाटलं. पण खाली बसल्याने एवढं होत नाही. भार असलेला पाय तसाच वळवला, खुब्यातून न वळता गुडघा आत ढकलला, की पीळ थेट मेनिस्कसवर येतो. माझ्याकडे येणारे बहुतेक ताईचीवाले याच चुकीचे.

गुडघेदुखी_पुणे
म्हणजे चूक माझीच! भर वर्गात वर्षभर सर बघत होते, एकदाही ‘पाय हलका करून वळवा’ म्हणाले नाहीत. फी मात्र आगाऊ.

फिजिओताई
चूक तुमची असं मी कुठे म्हटलं? शिकवणाऱ्याची आहे. पण ‘खाली बसणं घातक’ असं लिहिलंत तर उद्या चांगल्या वर्गातलेही लोक घाबरून सोडतील.

मूळपुरुष
मग काय खुर्चीत बसून फॉर्म करायचा? खाली बसल्याशिवाय पायांत ताकद येत नाही. मी रोज करतो, माझे गुडघे ठणठणीत आहेत.

गुडघेदुखी_पुणे
तुमचे ठणठणीत आहेत म्हणून माझे फाटलेच नाहीत का? बोलताना थोडी लाज ठेवा.

सिंगापूरचा_काका
दोघेही थांबा. या भांडणातच धाग्याचं उत्तर आहे. इथे मी ज्यांच्याकडे शिकतो ते मास्तर एकच प्रकार तरण्या पोराला खाली, मला मधल्या उंचीवर आणि ऐंशीच्या आजींना जवळजवळ उभ्यानेच करून घेतात. उद्या आम्ही तिघं शिकवायला लागलो तर तीन ‘शाखा’ होतील, आणि आजींचे विद्यार्थी शपथेवर सांगतील की मास्तर कधी वाकलेच नाहीत. झाओपींच्या हाताखाली चेन शिआओवांग, झू तिआनत्साई ही मंडळी तरुण होती, त्यांचं शरीर तसं घडलं. त्यांचे व्हिडिओ बघून पन्नाशीचा माणूस मांडी समांतर करायला गेला तर कसं चालेल? चेंगफूंचे सुरुवातीचे फोटो आणि १९३४ च्या पुस्तकातले फोटो जोडून पाहा. माणूस तोच, वजन वाढलेलं, ठेवण बदललेली.

मूळपुरुष
लाओजिया-शिनजियाबद्दल मागे घेतो. दोन्ही एकाच घरातले, हे मान्य. गुडघेदुखी, तुमच्या सरांची बाजू मी घेत नव्हतो. पण २४ वाला फॉर्म कुणा गुरूने शिष्याचं शरीर बघून बदललेला नाही, समितीने बसवलाय. काकांचा मुद्दा तिथे लागू होत नाही.

रानवाटा
लागू होत नाही, खरं आहे. पण तो बसवणारेही यांग फॉर्म शिकलेलेच होते, आणि लाखो लोक त्या २४ पासूनच पुढे मोठ्या फॉर्मकडे वळले. माझी आईही.

मूळपुरुष
वळल्या असतील. वळले नाहीत ते किती, तेही मोजा. आणि पुश हँड्सला (जोडीने हात लावून समोरच्याचा तोल घालवायचा सराव) उभे राहा एकदा, मग २४ वर बोलू.