सोसायटी ग्रुप: घोड्याचे पाय

बी-७०४: सेक्रेटरीसाहेब, क्लबहाऊससमोरच्या महाराजांच्या पुतळ्याचं स्केच पाहिलं. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर?? दोन्ही वर = रणात मृत्यू. एक वर = जखमांनी मृत्यू. चारही टेकलेले = नैसर्गिक. महाराज १६८० ला रायगडावर गेले. ऑर्डर थांबवा.

ए-२०१: गेल्या वर्षी कारंज्याची दिशा, यंदा पाय 🙏

ए-५०३: काका, असा नियमच नाही. माद्रिदमधला चौथ्या फिलिपचा पुतळा १६४० चा, दोन्ही पाय वर. राजा गेला १६६५ ला. शिल्पकार ज्योतिषी होता का?

बी-७०४: परदेशी राजांचं आम्हाला नका सांगू. दोन्ही वर = रणात मृत्यू. काहींनी वाचलेलं दिसत नाही म्हणून पुन्हा टाकतोय.

सी-३०२: मग मुंबईचा काळा घोडा घ्या. सातव्या एडवर्डचा पुतळा १८७९ ला बसवला, तेव्हा तो युवराज होता. वारला १९१० ला. पाय कसेही असोत, मरण आधी कळणार कसं?

बी-७०४: झाशीच्या राणीचा घोडा दोन पायांवरच उभा असतो ना!

ए-५०३: लढाई दाखवायची म्हणून. जुळलं तेवढंच लोक लक्षात ठेवतात. वॉशिंग्टनमधला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा पुतळा बघा, दोन्ही पाय वर आणि माणूस घरी वारलेला.

ए-२०१: टँकर आला का?

सेक्रेटरी: टँकरचं दुसऱ्या ग्रुपवर, ताई. किती वेळा सांगायचं.

सी-३०२: खरा प्रश्न वजनाचा आहे. सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. माद्रिदला म्हणून गुपचूप शेपटीचाही आधार घेतलाय. सेंट पीटर्सबर्गला रशियाचा सम्राट पीटर याच्या पुतळ्यात घोड्याखाली साप आहे, लोक त्याला कपटी शत्रू म्हणतात. तोच साप शेपटीला टेकून तिसरा पाय होतो. आपल्या फायबरवाल्याला विचारा: मागच्या दोन्ही पायांतून अखंड लोखंडी पाईप आहे का? खुरापाशी जोड नको. पाईप बेसप्लेटला वेल्ड, प्लेट चौथऱ्यात अँकर बोल्टने. शेपटीतही सळई, तीही चौथऱ्यापर्यंत. पोटाखाली निचऱ्याला भोक हवंच. नाहीतर आत पाणी साचतं, लोखंड गंजून फुगतं आणि पहिला तडा घोट्यापाशी जातो.

बी-७०४: दोन्ही वर = रणात मृत्यू.

ए-५०३: 🙏🙏

सेक्रेटरी: शेपूट टेकवून सुधारित कोटेशन मागवलंय. पाय आहेत तसेच राहतील.

बी-७०४: शेपूट टेकलेली असली तर काय अर्थ होतो?