ओरांडा उलटा तरंगतोय? आधी पाणी तपासा

खाल्ल्यावर ओरांडा (गोल्डफिशची एक गोलमटोल जात) उलटा तरंगतो म्हणून दुकानदाराने अँटिबायोटिक दिलंय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया ते लगेच टाकू नका. आधी टाकीच्या पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) तपासा, दोन्ही शून्यच हवेत. गोल्डफिशचा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, नळीने अन्ननलिकेला जोडलेला असतो, त्यात या गोलमटोल जातींचं पोट दाटीवाटीचं. बद्धकोष्ठ झालं की तोल जाऊ शकतो. दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेला मटार सोलून, कुस्करून द्या. माझ्या रांचूच्या (हीसुद्धा गोल्डफिशची गोलमटोल जात) मागे लोंबणारी विष्ठेची पांढरट दोरी तिसऱ्या दिवशी सुटली आणि तो सरळ पोहू लागला. खाद्याचे तरंगणारे दाणे यापुढे भिजवूनच घाला. पाण्याबाहेर राहणारं पोट लाल दिसलं तर मात्र थांबू नका, माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.