थकवा म्हणजे आळस नव्हे

वरती कुणीतरी म्हटलंय की अर्धांगवायूनंतरचा थकवा म्हणजे नुसता आळस, चालायला लावा म्हणजे जाईल. नाही हो! आमचे हर्णैचे काका, हात-पाय बऱ्यापैकी सुटलेत तरी विहिरीपर्यंत जाऊन आले की पडवीत आडवे, आणि झोप काढून पण थकवा तसाच. अर्धांगवायूत मेंदूला इजा झाली की प्रतिकारयंत्रणा खवळते, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असले सूज वाढवणारे पदार्थ वाढतात, तेच जे तापात आपल्याला गोधडीत पाडून ठेवतात. थकव्याचं एक कारण हे असू शकतं, पण पुरावा अजून कच्चाच, तेव्हा सुजेवरच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत (रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजिबातच नकोत). आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तरी बघून घ्या.