शब्दचर्चा : ‘लायसेन्सिंग एक्झामिनेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील कायरोप्रॅक्टिक (मुख्यतः पाठीचे मणके हातांनी हाताळून उपचार करण्याची पद्धत) व्यवसायाच्या इतिहासावर मराठीत लिहीत आहे. ‘बेसिक सायन्स’, ‘स्टेट बोर्ड’ आणि ‘नॅशनल बोर्ड’ या तिन्ही परीक्षांसाठी ‘पात्रता परीक्षा’ हा एकच शब्द चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालू नये, कारण या तीन परीक्षांचे अधिकार वेगळे होते आणि तो फरक पुसला गेला, तर इतिहासच कळेनासा होतो.

डी. डी. पामर यांनी 1895 साली आयोवातील डॅव्हेनपोर्ट येथे ही उपचारपद्धती सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी कायदा नव्हता. त्यामुळे विनापरवाना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून अनेकांना शिक्षा झाल्या आणि 1906 मध्ये खुद्द पामर यांनाही तुरुंगात जावे लागले. पुढे राज्याराज्यांत स्वतंत्र कायदे झाले. कॅन्सासने 1913 मध्ये आरंभ केला, तर लुईझियानाने 1974 मध्ये सर्वांत शेवटी मान्यता दिली. या कायद्यांनी नेमलेली राज्य मंडळे व्यवसायाचा अधिकार देत असल्याने ‘परवाना परीक्षा’ हा शब्द त्यांच्या परीक्षेलाच शोभतो.

‘बेसिक सायन्स’ची गोष्ट निराळी आहे. 1925 मध्ये विस्कॉन्सिन आणि कनेक्टिकट या राज्यांनी असा कायदा केला की, उपचारपद्धती कोणतीही असो, उमेदवाराने शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र इत्यादी विषयांत आधी एका वेगळ्या मंडळापुढे उत्तीर्ण व्हावे. इतर अनेक राज्यांनीही तोच मार्ग धरला. कायरोप्रॅक्टिकच्या उमेदवारांना ही परीक्षा फार जड गेली, आणि महाविद्यालयांना मूलभूत विज्ञानांचे अध्यापन वाढवावे लागले. मात्र ती उत्तीर्ण होऊनही परवाना मिळत नसे, म्हणून ‘मूलभूत विज्ञान पूर्वपरीक्षा’ म्हणावे.

राष्ट्रीय परीक्षक मंडळ 1963 मध्ये स्थापन झाले. प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी असल्याने दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला पुन्हा परीक्षेला बसावे लागे. ती अडचण दूर करणारी समान परीक्षा या मंडळाने 1965 पासून घेतली आणि 1996 मध्ये तिला प्रात्यक्षिकाचा चौथा भाग जोडला. निकाल राष्ट्रीय मंडळाचा असला, तरी परवाना आजही राज्यच देते. तिला ‘राष्ट्रीय मंडळाची परीक्षा’ एवढेच म्हणावे.

पुरवणी प्रश्न : वकिलांप्रमाणे ‘सनद’ म्हटले तर?

उत्तर : ‘सनद’ भारदस्त आहे, आणि वकिलीच्या संदर्भात रुळलेलाही आहे, एरवी मी तोच निवडला असता. पण येथे आरोप ‘विनापरवाना’ व्यवसायाचा होता. त्याच आरोपातून सुटण्यासाठी या मंडळींनी कायदे मागितले, त्यामुळे आरोप आणि त्यावरचा उपाय या दोन्हींत ‘परवाना’ हाच शब्द राहिला, तर वाचकाला त्यांतला संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सरकारी ‘अनुज्ञप्ती’ अर्थाने अचूक असली, तरी ‘विनाअनुज्ञप्ती वैद्यकी’ असे कोणी म्हणत नाही.