मध लावा आणि डॉक्टर विसरा म्हणे!

कोपरखळी: परत तीच पोस्ट फिरतेय, "कापलं, भाजलं, चिघळलं, काहीही असो, घरातला मध लावा, अँटिबायोटिक हे थोतांड". खाली हात जोडणाऱ्यांची रांग. अरे, मध काम करतो हे कोण नाकारतंय? त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, म्हणून तो जंतूंचंच पाणी ओढतो, वर आंबट, पीएच ४ च्या आसपास, आणि जखमेतल्या पाण्याने पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक बनवतं. पण दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू असू शकतात. उष्टा चमचा बुडवलेली बरणी म्हणजे ड्रेसिंग नव्हे.

आजीचा_बटवा: आले शहाणे. सुश्रुताने जखमेवर मध-तूप सांगितलं तेव्हा कुठले गॅमा किरण होते? माझ्या मनगटावर उकळतं तेल उडालं, आधी नळाखाली धरलं मग मध लावला, आज डाग शोधून दाखवा. आणि सगळ्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या तुमच्या लाडक्या कॉक्रेन संस्थेनेच २०१५ मध्ये मधाचा फायदा मान्य केलाय ना?

कोपरखळी: पूर्ण वाचा की मग. २६ ट्रायल, ३०११ लोक. फार खोल नसलेलं भाजणं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा ४-५ दिवस आधी भरतं, ऑपरेशननंतर चिघळलेल्या जखमांनाही फायदा. पण शिरांच्या आजारामुळे पायावर होणाऱ्या जुन्या व्रणांत काही खास फरक नाही. आणि भाजण्याच्या एका ट्रायलमध्ये मधाची स्पर्धा कोणाशी, तर उकडलेल्या बटाट्याच्या सालींशी! जिंकणारच.

चिकट_प्रश्न: ते सगळं सोडा हो, बाटलीत मध असतो तरी का? माझा थंडीत गोठून दगड झाला, सरळ साखरेचा पाक.

मधमाशी_मित्र: गोठणं म्हणजे भेसळ नाही!! ग्लुकोज जास्त असलेला अस्सल मध गोठतोच. पाण्यात तळाशी जातो, काडीला लावला की पेटतो, असल्या टेस्ट बंद करा, घट्ट पाकही तळाशी जातो. ऊस-मक्याची साखर सी-४ टेस्टमध्ये (कार्बनच्या प्रकारावरून साखर ओळखणारी) पकडली जाते, पण तांदळाचा सिरप तिच्यातून आरामात सुटतो, त्याला एनएमआर ही रेणूंची ओळख पटवणारी लॅब टेस्ट लागते. आणि भरपूर तापवून गाळलेल्या मधात ते पेरॉक्साइडवालं एन्झाइम उरतं किती, हाही प्रश्नच.

आजीचा_बटवा: म्हणजे आता जखमेआधी मधाचा रिपोर्ट काढायचा? एजंट दिसताय कुठल्यातरी लॅबचे.

मधमाशी_मित्र: पेट्या सांभाळतो मी, डंख खाऊन बोलतोय. एजंट म्हणायच्या आधी एकदा पोळं उघडून बघा.

ड्रेसिंगवाली_ताई: भांडा निवांत, मी कामाचं सांगते. साधं गॉज वाळून जखमेला चिकटतं, ओढलं की नवी आलेली नाजूक कातडी सोबत निघते आणि पेशंट किंचाळतो. मधाचं पॅड ओलंच राहतं, अलगद सुटतं, घाण वासही कमी होतो. पण पाणी इतकं सुटतं की पॅड वेळेत बदललं नाही तर कडेची चांगली कातडी पांढरी पडून फुगते. आणि सुरुवातीला झोंबतं बरं का, ते पोस्टवाले सांगत नाहीत. मनुका मधात (बेदाणे नव्हे, न्यूझीलंडकडच्या मनुका झुडपाचा मध) पेरॉक्साइड सोडून मिथाइलग्लायॉक्सल हे आणखी एक जंतू मारणारं द्रव्य असतं म्हणून त्याचं एवढं नाव.

एक_वाचक: माझ्या काकांना शुगर, टाचेला छोटीशी जखम, दुखत नाही म्हणून घरीच मध लावत बसले. आत हाडापर्यंत पू गेलेला. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. वरून जखम छान गुलाबी दिसत होती.

चिकट_प्रश्न: टाचेला जखम आणि अंगठा काढला?

एक_वाचक: पू पसरतो हो पुढे. इथे पण चुका काढा.

आजीचा_बटवा: काकांचं वाईट वाटलं, खरंच. शुगरवाल्यांच्या पायाला नाही लावणार, झालं समाधान? पण तेल उडालं तर मी मधच लावणार, आणि कोपरखळींची परवानगी घेऊन नाही.

कोपरखळी: लावा, फक्त आधी वीस मिनिटं गार पाणी, आणि बरणी नवी फोडा. शुद्ध आहे का ते मधमाशी मित्राला विचारा.

मधमाशी_मित्र: मला नका ओढू. आणि त्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला मध चाटवू नका एवढं तरी ऐका, वर्षाच्या आत तर अजिबात नाही.

चिकट_प्रश्न: बरं, माझ्या गोठलेल्या बाटलीचं काय करू?